समरकंद राहिलं

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "उझबेकिस्तानला गेला होता म्हणे, समरकंद कसं वाटलं?" पाहिलंच नाही म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू पंढरपुरात जाऊन विठोबाला न भेटता आलो. मामांकडे मात्र उत्तर तयार आहे. ते माळकरी. म्हणतात, "ताश्कंदच्या स्टेशनात समरकंदच्या गाडीची पाटी वाचली की बे. कळसदर्शन झालं."

तर ही त्या न पाहिलेल्या समरकंदाची आणि पाहिलेल्या मार्गिलानची, म्हणजे तिथल्या फरगाना दरीतल्या रेशमाच्या गावाची गोष्ट. माणसं दोन, दिवस सहा (दिल्लीपर्यंतचा रेल्वेप्रवास वेगळा) आणि पैसे भिशीचे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. आमची वीस जणांची भिशी आहे, महिन्याला पाच हजारांची. माझा नंबर जुलै 2024 मध्ये लागला, म्हणजे हातात एक लाख. बायकोने आधीच सांगून टाकलं होतं की विमानात तिला भीती वाटते. मामांची चाळीस वर्षं जॅकार्डच्या मागावर गेली, आता घरी बसून मोबाईलवर कापडाचे व्हिडिओ बघतात. त्यांनी एक दिवस फोन माझ्यासमोर धरला. बायका हातमागावर रेशीम विणत होत्या आणि त्यावरची नक्षी पाण्यात रंग सांडल्यासारखी कडांना विरघळलेली. "पोचमपल्ली साडीच्या जातीचं आहे," मामा म्हणाले, "पण हे ढगासारखं दिसतंय. कसं बांधत असतील?" दुबईला जाऊ, बुर्ज बघू, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तयारीचं थोडक्यात सांगतो. भारतीयांना उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशासाठी फी 20 डॉलर. आमचा चौथ्या दिवशी मेलवर आला. दिल्ली ते ताश्कंद विमान तीन तासांच्या आसपास. दोन महिने आधी काढल्यामुळे दोघांचं जाऊन-येऊन 52 हजारांत बसलं. सोलापूर-दिल्ली मात्र रेल्वेनेच. दिल्लीपर्यंतही विमान धरलं असतं, तर भिशी तिथेच संपली असती.

सामानात मामांनी दोन गोष्टींवर हट्ट धरला. एक, चाळीस कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. दोन, दोन सोलापुरी चादरी. "तिकडे थंडी असेल" हे कारण सांगितलं, पण चादरी दुकानातल्या घडीतच होत्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सोमवार: दिल्ली आणि पुढे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कर्नाटक एक्सप्रेसने निघालो, सोमवारी दिल्ली, त्याच रात्री ताश्कंद. घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं, बस्स. विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. त्यांच्याकडे न बघता आतच सिमकार्ड घ्या आणि यांडेक्स गो हे ॲप उघडा. बाहेरच्याने जे तोंडाने मागितलं त्याच्या चौथ्या हिश्शात आम्ही मुक्कामी पोचलो.

नोटांचं एक सांगून ठेवतो. लाख सोम म्हणजे तेव्हा साधारण साडेसहाशे रुपये. पहिल्या रात्री शंभर डॉलर मोडले आणि मामांच्या हातात बारा लाखांवर सोम आले. ते नोटा मोजत बसले आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा दहा लाख हातात घेतले, आणि त्यात सहा दिवस जेवायचंय." डॉलर कोऱ्या नोटांचेच न्या. आमच्या एका नोटेवर पेनाची बारीक रेघ होती, ती कोणीच घेईना. सोलापुरात परत आली बिचारी.

मंगळवार: ताश्कंद

सकाळी आधी शास्त्रीजी. 10 जानेवारी 1966 ला भारत-पाकिस्तानचा करार याच शहरात झाला आणि 11 च्या पहाटे लालबहादूर शास्त्री इथेच गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आजूबाजूला झाडं, पानगळ सुरू झालेली, एक बाई झाडलोट करत होती. मामा तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच, की त्यांचे वडील मिलच्या पाळीवरून आले आणि न जेवता झोपले. "आपले यशवंतरावपण होते की हितं त्या वेळी," मामा म्हणाले. होतेच, संरक्षणमंत्री म्हणून. मामांनी चप्पल काढून नमस्कार केला. झाडणाऱ्या बाईने झाडू थांबवला, आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि पुन्हा झाडायला लागली. ही छातीवर हात ठेवून मान झुकवायची पद्धत पुढे सहा दिवस सगळीकडे भेटली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपाने जुनं शहर पाडलं, म्हणून आजचं ताश्कंद रुंद रस्त्यांचं आणि सरळ रेषांचं आहे. चालून पाय दुखतात. भुयारी मेट्रोने फिरा, तिकीट आपल्या सिटी बसइतकं. मेट्रो 1977 ची, आणि 2018 पर्यंत तिथे फोटोला बंदी होती. लोक कोस्मोनावतलार स्टेशनचं फार कौतुक करतात, निळ्या भिंतीवर गागारिन, तेरेश्कोवा वगैरे अंतराळवीर. चांगलं आहे. पण आमची खरी गाडी चुकली ती पाख्ताकोर स्टेशनवर. पाख्ता म्हणजे कापूस. भिंतभर मोझेकमध्ये कापसाची बोंडं. मामा त्या भिंतीसमोर उभे राहिले, दोन गाड्या गेल्या. "आपल्याकडे सोलापूर स्टेशनवर टॉवेलचं असं चित्र काढलं पाहिजे होतं," हे वाक्य मी परतेपर्यंत पाच वेळा ऐकलं.

दुपारी चोरसू बाजार. निळा घुमट, खाली गोल मांडलेली दुकानं. इथे भाषेने आमची मजा केली. कांद्याला पियोझ, डाळिंबाला अनोर, पुस्तकाला कितोब, आठवड्याला हफ्ता. मला वाटलं निम्मं काम झालं. मामांसाठी शाकाहारी काही मिळावं म्हणून खाणावळीत मोठ्या आत्मविश्वासाने "सब्झी, सब्झी" म्हणालो. ताट आलं. नुसत्या गाजरांचं. उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर! मामांनी गाजरं संपवली, मला काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

शाकाहाऱ्यांनी हा एक शब्द पाठ करावा: गोश्तसिझ. गोश्त आपल्याला कळतोच, सिझ म्हणजे "विना". तरीही सूपात हाडांचं पाणी असतं आणि भोपळ्याच्या सोमशात (तिकडचा सामोसा) सुद्धा चरबी घालतात, तेव्हा दोनदा विचारा. निर्धास्त खाण्यासारखं: टोमॅटो-कांद्याची आचिचुक कोशिंबीर, दही, फळं, सुकामेवा आणि नोन. नोन म्हणजे तंदूरची जाड गोल रोटी, मधोमध ठशाने टोचून नक्षी काढलेली. ती कधी उलटी ठेवायची नाही. मामांनी पहिल्याच दिवशी नोनचा तुकडा शेंगाचटणीला लावला आणि त्यांचा सहा दिवसांचा प्रश्न सुटला.

मी मात्र दुपारी पलाव खाल्ला. टीव्ही टॉवरजवळ प्रचंड कढयांत शिजवतात, दुपार टळली की संपतो. वर घोड्याच्या मांसाच्या चकत्या असतात, नको असतील तर आधी सांगा. तेलाची चव ओळखीची वाटली म्हणून विचारलं, तर सरकीचं तेल! हे ऐकून मामा पहिल्यांदा त्या ताटाकडे आपुलकीने बघायला लागले.

बुधवार: बोगद्यापलीकडे

सकाळच्या गाडीने मार्गिलान, पाच तासांचा प्रवास, तिकीट सातशेच्या आसपास. ही आंदिजानला जाणारी गाडी कामचिक बोगद्यातून जाते. लांबी 19.2 किलोमीटर, 2016 साली सुरू झाला. आपल्या खंडाळ्याच्या बोगद्यात डबाभर पोरं ओरडतात, तसं मामा सवयीने ओरडले. डब्यात बाकी कोणीच ओरडलं नाही. पुढे बराच वेळ बोगदा संपेचना आणि आम्ही दोघे गप्प.

समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. फोनच्या भाषांतरावर गप्पा सुरू झाल्या. खिडकीबाहेर कापसाची वेचणी चालू होती. त्यांनी बोटाने दाखवलं आणि सांगितलं, त्या विद्यार्थिनी असताना दर शरद ऋतूत कॉलेज बंद करून सगळ्यांना वेचणीला नेत, शिक्षिका झाल्यावर पोरांना घेऊन जावं लागे. बोटांची नखं सोलून निघायची. आता ते थांबलंय. 2021 च्या हंगामात अशी सरसकट सक्ती राहिली नव्हती, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही मान्य केलं. बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. ऊस तोडून आलेली बाई घरी हिशेब सांगते, तसं सांगत होत्या. मग पिशवीतून द्राक्षं काढून मामांना म्हणाल्या, "घ्या, अका."

मामा दचकले. सोलापुरात अक्का म्हणजे थोरली बहीण. इथे अका म्हणजे थोरला भाऊ, बहिणीला ओपा. पुढचे चार दिवस अख्खी फरगाना दरी मामांना अक्का म्हणत होती आणि दर वेळी त्यांचा हात आपोआप मिशीकडे जायचा.

मार्गिलानला अंगण असलेल्या एका घरात उतरलो, वर द्राक्षाचा मांडव. दोघांना नाश्त्यासह रात्रीचे एकोणीसशे. इथे कार्डावर विसंबू नका. आमचं कार्ड दोन एटीएमनी नाकारलं, डॉलर होते म्हणून निभावलं. मुक्कामाच्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांची नोंद करून चिठ्ठी देतात, ती पासपोर्टात जपून ठेवा.

घरमालकीण ओपांनी हिरवा चहा दिला. आधी पेल्यात ओतून तीनदा परत किटलीत टाकला, मग मामांना अर्धाच पेला. मामांचा चेहरा पडला. नंतर कळलं, अर्धा पेला हाच मान. पाहुण्याने परतपरत मागावा, बसून राहावं म्हणून थोडाथोडा द्यायचा. काठोकाठ भरला तर समजायचं, निघा आता.

गुरुवार: ढग बांधणारे

गुरुवार आणि रविवार गावाबाहेर कुमतेपाचा बाजार भरतो. ते वार साधूनच आम्ही आखणी केली होती. आमच्या सोलापूरच्या मंगळवार बाजाराच्या कितीतरी पट, आणि कापडाच्या गल्ल्याच गल्ल्या. मला खरेदी करावीशी वाटली, मामांनी मनगट धरलं. "आधी बनवताना बघू. मग भाव करू." योग्य होतं. बाजारात यंत्रावर छापलेलं नकली कापडही भरपूर आहे. मामांची परीक्षा साधी: उलटी बाजू बघा. धागाच रंगवलेला असेल तर नक्षी दोन्हीकडे दिसते.

मग योदगोर्लिक हा रेशमाचा कारखाना. दारातच कोष उकळत्या पाण्यात, वास तुमच्या नाकाला जमला तर ठीक. एक आजी कोषांतून धागा ओढत होत्या. पुढच्या खोलीत तो माणूस बसला होता ज्याच्यासाठी आम्ही सोलापूर सोडलं. समोर ताणा, म्हणजे उभे धागे, पसरलेला, त्यावर कोळशाच्या खुणा, आणि तो एकेक जुडी दोऱ्याने करकचून बांधत होता. बांधलेला भाग रंग पीत नाही. एक रंग झाला की सोडायचं, दुसरीकडे बांधायचं, पुन्हा बुडवायचं. रंगाच्या खोलीत मंजिष्ठ, नीळ, अक्रोडाची टरफलं आणि डाळिंबाच्या साली.

मामांना जे हवं होतं ते इथे कळलं. कडा विरघळतात कारण बांधलेल्या गाठीखाली रंग जरासा झिरपतो, आणि मागावर चढवताना धागे केसभर इकडेतिकडे होतात. जॅकार्डवाला ज्या गोष्टीला दोष म्हणून पोराला शिव्या घालेल, तीच इथे नक्षी. बांधणाऱ्याला अब्रबंद म्हणतात. वाटाड्या मुलीने इंग्रजीत अर्थ सांगितला आणि मी मामांना मराठीत: अब्र म्हणजे ढग. ढग बांधणारा.

"मी म्हटलं नव्हतं?" मामा म्हणाले. म्हटलं होतं.

ताणा-बाणा दोन्ही रेशमाचे ते अतलस, बाणा (आडवा धागा) सुताचा ते अद्रास. दोन्हींचं जुनं तंत्र जपण्यासाठी मार्गिलानमध्ये जे काम झालं, त्याची युनेस्कोने 2017 साली दखल घेतली आहे. पण मी तुम्हाला दुसरं दृश्य सांगतो. मागावर एक मुलगी विणत होती, तिचा एक धागा तुटला. ती वाकायच्या आत मामांनी हात घातला, दोन टोकं चिमटीत धरली आणि गाठ मारली. विणकराची गाठ, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. मुलीने फणी पुढे ओढून बघितली, मग मामांकडे बघितलं, मग जोरात हाक मारून अब्रबंदाला बोलावलं.

तेव्हा पिशवीतून चादर निघाली.

अब्रबंदाने ती उलगडली आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर उलटी केली. मामा असे फुलले की विचारू नका. मग दोन तास त्या दोघांचं काय बोलणं चाललं देव जाणे. एक मराठीत, एक उझबेकमध्ये, मध्ये धोटा, कांडी, पंच कार्ड सगळं हाताने दाखवून. मी फोन पुढे केला तर दोघांनी एकदमच बाजूला सारला. शेवटी एवढं समजलं: परवा, शनिवारी पहाटे, त्याच्या पुतण्याच्या लग्नाचा नाहोर ओश आहे. लग्नघरचा पहाटेचा पलाव. यायचंच.

शनिवारी पहाटे आम्ही ताश्कंदमध्ये असायला हवं होतं. समरकंदच्या वेगवान अफ्रोसियोब गाडीची तिकिटं महिनाभर आधी, रात्री जागून काढली होती. ती फार लवकर संपतात. रात्री अंगणात मी मामांना समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे फोटो दाखवले. तीन मदरसे, उलुगबेगाचा तर 1420 चा.

"चांगलंय," मामा म्हणाले. "ते सहाशे वर्षं तिथंच आहे. पोराचं लग्न शनिवारीच आहे."

तिकिटं रद्द केली, काही पैसे कापले गेले. खोटं कशाला बोलू, मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

शुक्रवार

रिश्तानला गेलो. निळी-हिरवी मातीची भांडी, झिलईत वनस्पतीची राख वापरतात. सुंदर आहेत, पण फुटतात; दोन वाट्या घेतल्या, एक सोलापुरात पोचली. माझा मूड अजून गेलेलाच होता, त्यामुळे रिश्तानवर अन्याय होतोय हे मान्य.

संध्याकाळी बाजारात डाळिंबं घेतली तेव्हा जरा खुललो. बाबर जवळच्या आंदिजानचा. त्याने आपल्या आठवणींत मार्गिलानच्या डाळिंबांची तारीफ लिहून ठेवली आहे. आमच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, सांगोल्याची डाळिंबं जगभर जातात, त्यामुळे सोलापूरकराने इथे मत देणं भाग आहे. रस जास्त, आंबटगोड, दाणे गडद. आपला भगवा वाण जास्त गोड. मामांनी साली फेकू दिल्या नाहीत.

शनिवार: पहाटेचा पलाव

साडेपाचला अंधारात निघालो, थंडी बोचरी. हॉलमध्ये तीन-चारशे पुरुष, लांब टेबलं, नोन, चहा, आणि वाऱ्याच्या वेगाने फिरणारी पलावाची ताटं. एका ताटात दोघांनी खायचं. मामांसमोर ताट आलं आणि मला घाम फुटला. मी "गोश्तसिझ" म्हणणार तोच मामांनी गळ्यातली तुळशीची माळ शर्टाबाहेर काढून अब्रबंदाला दाखवली आणि छातीवर हात ठेवला. त्याने माळ पाहिली. काय समजला ठाऊक नाही, पण ताट स्वतःच्या बाजूला ओढलं, नोन तोडून मामांच्या पुढ्यात ठेवली, स्वतः उठून दही, मनुका आणि अक्रोड घेऊन आला. मामांनी खिशातून शेंगाचटणीची पुडी काढली. ती टेबलभर फिरली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने.

मग सगळ्यांनी एकदम ओंजळ धरली, प्रार्थना झाली, तोंडावरून हात फिरवले आणि हॉल रिकामा. वीस मिनिटं. आपल्याकडे एवढ्या वेळात पहिली पंगत बसत नाही. दुसरी चादर नवरदेवाला. बदल्यात मामांच्या डोक्यावर कशिद्याची चौकोनी टोपी, जी त्यांनी सोलापूरपर्यंत उतरवली नाही.

निघताना ओपांनी एक नोन पुढे केली, चावा घ्या म्हणाल्या. दूर जाणाऱ्याने एक घास खायचा, उरलेली नोन घरात टांगून ठेवायची, तो परत येऊन संपवेपर्यंत. मामांचे पुढचे दात नाहीत. त्यांनी दाढेने तोडली, कडेने वेडीवाकडी. ओपांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, आणि शेजारच्या खिळ्याला मामांनी दिलेली एक कडक भाकरी.

हिशेब

रविवारी ताश्कंदहून विमान. दोघांचा खर्च असा: विमान 52 हजार, व्हिसा चौतीसशे, दिल्लीचं रेल्वे जाणं-येणं साडेसात हजार, सहा रात्री अकरा हजार चारशे, प्रवास विमा बाराशे, तिथलं फिरणं (रद्द तिकिटांच्या भुर्दंडासह) पाच हजार, खाणं सहा हजारांच्या आत. खाण्याचा आकडा भाकरींमुळे कमी आहे, तो तुम्ही दुप्पट धरा. वर अद्रास कापड, मीटरला आठशेच्या आसपास. पन्हा अरुंद, साधारण चाळीस सेंटिमीटर, त्यामुळे बायकोच्या एका ड्रेससाठी अंदाजापेक्षा बरंच जास्त लागलं. भिशी पुरली, चार-पाच हजार उरले.

मामांच्या घरी खिडकीत डाळिंबाच्या साली वाळत आहेत. कुठूनसा सुताचा ताणा आणून ते रोज दुपारी दोऱ्याने गाठी बांधत बसतात. पहिल्या दोन खेपांना सगळा रंग पसरून कापड चिखलाच्या रंगाचं झालं. नोव्हेंबरपासून भिशीचा नवा फेरा सुरू झाला. या वेळी यादीत एकविसावं नाव त्यांचं आहे.